फोर व्हीलचा दांडा आणि डिझेलचा हिशेब

हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा मासळी लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे दृश्य ओळखीचे वाटेल. मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगरलेल्या. मासळी छोट्या होडीतून व बैलगाडीतून किनाऱ्यावर आलेली. पुळणीवरच ढीग मांडून बोली चाललेली आणि वरच्या अंगाला पिक-अप गाड्यांची रांग. अशाच एका संध्याकाळी आमच्या परिचयाच्या एका मासळी व्यापाऱ्याची गाडी ढिगाजवळ म्हणून खाली उतरली आणि मागच्या एक्सलपर्यंत वाळूत बसली. गाडी साधी नव्हती. मागच्या फाळक्यावर ठळक अक्षरांत 'फोर बाय फोर' लिहिलेले होते. शेवटी मासळी वाहणाऱ्या बैलांनाच जुंपून गाडी बाहेर काढावी लागली.

"भाई, एवढे जास्तीचे पैसे मोजून फोर व्हील घेतली आणि शेवटी बैलच कामाला आले," असे ते आम्हाला म्हणाले, तेव्हा हसावे की हळहळावे ते कळेना. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता, "शेठ, दांडा टाकलेला होता." तो खोटे बोलत नव्हता. दांडा टाकलेला होता, पण पुढच्या दोन्ही चाकांचे हब मोकळेच होते. त्यामुळे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतच नव्हती. चाकात हवा डांबरी रस्त्यावरच्या भरलेल्या गाडीसाठी असते तितकी, म्हणजे दगडासारखी घट्ट. मग वाळूत ती चाके चालणार कशी? ती सुरीसारखी आत शिरली.

गोष्ट इथेच संपली असती तर या पानावर लिहिण्याचे कारण नव्हते. फजिती झाल्यावर ड्रायव्हरने हब लॉक केले, दांडा टाकला आणि दोन्ही तसेच ठेवले. दापोली, खेड, पुढे महामार्ग, सगळा डांबरी रस्ता गाडी चारही चाकांवर धावू लागली. दीड महिन्यात पुढचे टायर कडेने झिजले, वळणावर गाडी धक्के देऊ लागली आणि डिझेलचा खर्च वाढला. आधी जे लागत नव्हते, ते नंतर निघेना. गाडी विकून टाकावी का, असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. मासळी, आंबा, चिरा, भंगार, कोंबडी, बेकरी, लाकूडकाम या धंद्यांतल्या आपल्या कित्येक बांधवांची रोजी आज पिक-अपवर चालते. नफ्याचा मोठा घास डिझेल खाते, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

दांडा नेमके काय करतो

आपल्याकडच्या बहुतेक पिक-अपमध्ये इंजिनाची ताकद नेहमी मागच्या चाकांना जाते. फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीत गिअर बॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. दांडा टाकला किंवा नव्या गाडीत खटका फिरवला की ही पेटी पुढचा शाफ्ट मागच्या शाफ्टशी जोडते. बोलेरो कॅम्पर व पिक-अप, टाटाची झेनॉन व योद्धा, इसुझूची व्ही-क्रॉस, आणि २०२२ साली भारतात आलेली टोयोटाची हायलक्स या सर्वांत फोर व्हीलचे प्रकार निघाले आहेत आणि मूळ व्यवस्था सर्वांची हीच आहे. दांड्यावर किंवा खटक्यावर तीन खुणा असतात. टू एच म्हणजे फक्त मागची चाके, नेहमीचा वेग. फोर एच म्हणजे चारही चाके, नेहमीचा वेग. फोर एल म्हणजे चारही चाके आणि त्यावर आणखी एक मोठी गिअर घट. या घटीमुळे चाकांवरचा जोर साधारण अडीच पट होतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. फोर एलमध्ये गाडी बैलाच्या चालीने चालते, पण बैलासारखी ओढते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोर एचमुळे इंजिनाची ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. आहे तीच ताकद दोनऐवजी चार चाकांत वाटली जाते, एवढेच. दोन माणसांनी उचललेले ओझे चौघांनी उचलले की कोणाचाही पाय घसरत नाही, तसा हा प्रकार आहे. म्हणून फोर व्हीलचा उपयोग पकड नसलेल्या जागी होतो. कोरड्या डांबरी घाटात भरलेली गाडी चढत नसेल, तर दोष फोर व्हील नसण्याचा नाही. एक तर ओझे जास्त आहे, नाही तर गिअर चुकीचा आहे, नाही तर इंजिन किंवा क्लच दुरुस्तीला आले आहे.

फोर व्हील थांबवायलाही मदत करत नाही. ब्रेक सर्वच गाड्यांना चार चाकांचे असतात. ओल्या रस्त्यावर "आपली फोर बाय फोर आहे" म्हणून वेगात जाणारा दोन चाकांच्या ओढीच्या गाडीइतकाच घसरतो. बहुधा जरा जास्तच, कारण तो निर्धास्त असतो.

आता डांबरावर दांडा टाकून ठेवल्याने नुकसान का होते, ते पाहू. गाडी वळते तेव्हा पुढची चाके मोठ्या घेऱ्यातून जातात आणि मागची लहान घेऱ्यातून. म्हणजे त्याच वेळात पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते. ट्रान्सफर केस मात्र दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरवते. त्यांना मागेपुढे होऊ देणारे यंत्र मधे नसते. वाळूत किंवा चिखलात कोणते तरी चाक थोडे घसरते आणि हिशेब मिटतो. डांबर घसरू देत नाही. मग तो फरक टायर घासून भरून निघतो आणि उरलेला पीळ शाफ्ट, जॉइंट व दात्यांमध्ये साठतो. स्टेअरिंग जड होते, गल्लीत वळताना गाडी अडखळते आणि दांडा काढू म्हटले तर निघत नाही. अशा वेळी दांड्याला लाथा मारू नयेत. मोकळ्या जागी गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घ्यावी आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. पीळ सुटतो, दांडा आपोआप हाती येतो.

टायरचीही एक गोष्ट आहे, आणि काटकसरी व्यापारी नेमके तिथेच फसतो. मागचे टायर झिजले की मागे दोन नवे टाकायचे आणि पुढचे आणखी वर्षभर चालवायचे, ही आपली रीत. साध्या पिक-अपला ती चालून जाते. फोर व्हील लावलेल्या गाडीत हिशेब असा होतो. टायरचा घेर साधारण २२० सेंटिमीटर धरा. पुढच्या टायरची नक्षी मागच्यापेक्षा ५ मिलिमीटरने जास्त झिजलेली असेल, तर घेर सुमारे ३ सेंटिमीटरने कमी होतो. एका किलोमीटरला चाक साडेचारशेच्या वर फेरे घेते. म्हणजे किलोमीटरमागे पुढच्या व मागच्या चाकांत जवळपास १४ मीटरचा फरक पडतो, तोही अगदी सरळ रस्त्यावर. तो फरक टायर आणि डिझेल मिळून भरतात. म्हणून फोर व्हीलच्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो सारखे झिजलेले असावेत. वेळोवेळी पुढचे मागे आणि मागचे पुढे करत राहिले की हे साधते.

हबबद्दल दोन शब्द. काही गाड्यांत पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायची चकती असते. तिच्यावर 'फ्री' आणि 'लॉक' अशा दोन खुणा असतात. दांडा टाकण्यापूर्वी खाली उतरून दोन्ही बाजूंच्या चकत्या 'लॉक'वर घ्याव्या लागतात. एकच बाजू लॉक झाली तरी उपयोग शून्य, कारण डिफरेन्शियल सारी फिरकी मोकळ्या बाजूला देऊन टाकते. काम संपले की 'फ्री'. लॉक राहिल्यास टू एचमध्येसुद्धा चाके पुढचा सारा लोखंडी पसारा उगाच फिरवत बसतात. काही गाड्यांत हे आपोआप होते. आपल्या गाडीत काय आहे, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून एकदा तरी वाचावे.

उलट, वर्ष वर्ष फोर व्हील न लावणेही बरे नाही. आतले ऑइल एका जागी बसते आणि गरजेच्या दिवशी दांडा हलत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर काही किलोमीटर लावून चालवावी.

वाळूत उतरण्यापूर्वी

फोर व्हील असूनही गाड्या रुततात, याचे कारण डिफरेन्शियल. वळताना आतल्या व बाहेरच्या चाकाला वेगळ्या गतीने फिरू देणे हे त्याचे काम. पण एक चाक हवेत किंवा भुसभुशीत जागी गेले की तेच फिरत राहते आणि पकड असलेले चाक उभे राहते. चार चाकांच्या ओढीतही पुढचे एक व मागचे एक अशी दोन चाके भिरभिरली की गाडी तिथेच. काही गाड्यांत डिफरेन्शियल बांधून टाकणारे लॉक मिळते, पण धंद्याच्या पिक-अपला ते क्वचितच असते.

वाळूचे खरे औषध हवा हे आहे. चाकातली हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, ओझे जास्त जागेवर वाटले जाते आणि गाडी वाळू कापण्याऐवजी वाळूवर चालते. रिकाम्या गाडीत हवा निम्म्यावर आणली तर जी गाडी दहा फुटांत रुतत होती, ती मागच्याच चाकांवर निघून जाताना आम्ही पाहिली आहे. भरलेल्या गाडीत इतकी हवा सोडू नये, टायरची कड चिरते. कमी हवेवर सावकाश चालावे, स्टेअरिंग एकदम तोडू नये आणि डांबरावर येताच, पहिल्या किलोमीटरच्या आत, हवा पूर्ववत भरावी. बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवला की पंपवाल्याची वाट पाहावी लागत नाही. वाळूत उतरायचे तर रिकामे उतरून कडक ओल्या पट्ट्यावर तोंड चढाकडे करून उभे राहावे. चाक फिरू लागले की अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये. जितके दाबाल तितकी कबर खोल.

खाऱ्या पाण्याची सवय मात्र गाडीला लावू नये. धावून गरम झालेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा हवा खेळण्याच्या नळीतून पाणी आत ओढले जाते. डिफरेन्शियलचे ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले असे समजावे आणि त्याच आठवड्यात ऑइल बदलावे. बंदरावरून परतल्यावर गोड्या पाण्याने खालून धुणे हे वेळखाऊ वाटते. पण ब्रेकचा ड्रम गंजून चाक धरू लागला की तो रोज डिझेल खातो, आणि त्याची पावती मिळत नाही. साधी परीक्षा अशी: पाच-दहा किलोमीटर चालवून थांबावे आणि चारही चाकांजवळ हात न्यावा. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले असेल तर तेथे ब्रेक चिकटलेला आहे. हात लावू नये, भाजेल.

डिझेल कुठे जाते

"गाडी किती देते?" या प्रश्नाला आपल्याकडे प्रत्येक जण कंपनीने सांगितलेला नाही तर मित्राने सांगितलेला आकडा फेकतो. खरा आकडा वहीत निघतो. टाकी पूर्ण भरावी आणि किलोमीटर लिहावेत. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर, हे अ‍ॅव्हरेज. एका फेरीवर विश्वास ठेवू नये, चार-पाच टाक्यांची सरासरी घ्यावी. भरलेली व रिकामी फेरी वेगळी लिहिता आली तर उत्तम. मोठे टायर टाकले असतील तर मीटर कमी किलोमीटर दाखवतो, हेही ध्यानात असू द्यावे.

हिशेब करताना एक गंमत दिसते. महिन्याला २,००० किलोमीटर चालणारी गाडी १० ऐवजी १२ देऊ लागली तर २०० लिटरऐवजी १६७ लिटर लागते. हिशेबापुरता भाव ९० रुपये धरला तर महिन्याला जवळपास ३,००० रुपये वाचतात. पण ८ ची १० झाली तर २५० चे २०० लिटर होते, म्हणजे ५० लिटर वाचतात. वाढ दोन्हीकडे दोनाचीच, पण वाचलेले डिझेल दीडपट. ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत त्याने आधी वाईट अ‍ॅव्हरेजच्या गाडीकडे पाहावे. चांगली आणखी चांगली करण्यात तेवढा पैसा नाही.

सर्वात मोठा चोर वेग आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० ने गेल्यास हा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो. पिक-अप ही मुळात उभी पेटी. तिच्यावर कॅबिनच्या वर क्रेटची चळत आणि फडफडणारी ताडपत्री असेल तर विचारूच नका. इंधन बचतीसाठी १९७८ पासून काम करणारी पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ चा वेग सुचवत आली आहे. मासळीवाल्याला पहाटेचा बाजार गाठायचा असतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण वाटेत दोनदा चहाला थांबून मग ९० ने पळणे यात वेळही वाचत नाही आणि डिझेलही. अर्धा तास लवकर निघणे फुकट असते.

दुसरा चोर उभे इंजिन. लिलाव चाललेला, माल भरणे चाललेले, ड्रायव्हर आत एसी लावून फोनवर. असे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पिते. रोज दीड तास धरला आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाऊण लिटरच्या हिशेबाने २८ लिटर झाले. अडीच हजार रुपये, आणि गाडी एक इंचही पुढे गेलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर ही सवय दुप्पट महाग पडते. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली किंवा फक्त गावातल्या गावात फिरवली की जाळी भरते. ती काजळी जाळण्यासाठी इंजिन जास्तीचे डिझेल टाकते. जाळी साफ होण्याचा दिवा लागला असताना गाडी बंद करू नये, मोकळ्या रस्त्यावर थोडी चालवावी.

घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची कला अजून अनेक ड्रायव्हर अभिमानाने सांगतात. ती चुकीची आहे आणि जीवघेणी आहे. गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनाला डिझेल जाणे बंद होते, चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. वर सारा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून पाय खाली जातो. आंबा घाट ज्या गिअरमध्ये चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या उस्तादांचा नियम आजही खरा आहे.

चाकातली हवा आठवड्याला एकदा, सकाळी, गाडी थंड असताना पाहावी. भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वेगवेगळे आकडे दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तकात असतात. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट चिऱ्याच्या खाणीत नाही तर खड्ड्यांत बिघडतेच. टायर एका कडेने झिजू लागला की समजावे. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय मोडावी. एअर फिल्टर कोकणातल्या लाल धुळीत पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच भरतो. डिझेल फिल्टरखालचे पाणी किनाऱ्यावरच्या दमट हवेत वरचेवर काढावे लागते.

ओझ्याबद्दल मासळीवाल्यांना एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ लागतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे गाडीतले निम्मे ओझे बर्फाचे. चांगल्या जाड भिंतीच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या पेट्या वापरल्या तर बर्फ कमी वितळतो, कमी लागतो आणि माल ताजा राहतो. पेटीचा पैसा बर्फात, डिझेलमध्ये आणि मासळीच्या भावात असा तिन्हीकडून परत येतो. उघड्या क्रेटवर ताडपत्री टाकून नेणाऱ्यांनी याचा एकदा जरूर हिशेब मांडावा.

बाजारात डिझेलच्या नळीला बांधायची चुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या व पुड्या मिळतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर साधने तपासली. त्यांतल्या फार थोड्यांनी काही फरक दाखवला आणि तोही किरकोळ. ते पैसे अलाइनमेंटवर खर्च करावेत.

ड्रायव्हर पगारी असेल तर वरचे सारे त्याच्या पायाखाली आहे, मालकाच्या हातात नाही. वहीचा उपयोग दरडावण्यासाठी केला तर तो टाकी भरताना हातचलाखी शिकेल. तीन महिन्यांची सरासरी काढून त्यापुढच्या बचतीतला तिसरा हिस्सा त्याला द्यावा, असे आमचे मत आहे. त्याचा रोजचा डबा त्यातून सुटला तर इंजिन बंद करायला सांगावे लागत नाही.

घ्यावी की न घ्यावी

आखातात वर्षानुवर्षे हायलक्स किंवा लँड क्रूझर पिक-अप चालवून परतलेले आपले कितीतरी बांधव गावी धंदा सुरू करताना पहिली मागणी फोर बाय फोरची करतात. तिकडे ते बरोबरच होते. वाळवंट दाराशी आणि इंधन स्वस्त. इकडे दोन्ही गोष्टी उलट आहेत. फोर व्हीलच्या गाडीला जास्तीची किंमत पडते, पुढचा एक्सल व ट्रान्सफर केस यांचे ओझे वर्षभर वाहावे लागते आणि देखभालीत आणखी दोन ठिकाणचे ऑइल व सील येतात.

धंद्याचे दिवस मोजून पाहावेत. आंब्याचा हंगाम एप्रिल-मेचा, रस्ते कोरडे. बागेच्या वाटेला उंच गाडी आणि चांगले टायर पुरतात. चिऱ्याच्या खाणी पावसात बहुतेक बंदच. कोकणात चिखल सर्वात जास्त असतो तेव्हा मासेमारीही बंद असते. म्हणजे ज्या महिन्यांत फोर व्हील लागावी, त्या महिन्यांत या तिन्ही धंद्यांची गाडी दाराशी उभी. ज्यांना पावसाळ्यात वाड्यावस्त्यांवर दूध, कोंबडी, पाव, किराणा पोहोचवावा लागतो, लाकूड उतरवावे लागते, ज्यांची वाट कच्ची आणि चढाची आहे, त्यांना मात्र ती खरोखर उपयोगी आहे. त्यांनी घ्यावी.

मासळीवाल्याला उरते ती पुळण. समजा वर्षाला २४,००० किलोमीटर होतात. फोर व्हीलच्या ओझ्याने १२ चे ११ झाले तर १८० लिटर जास्त लागतील, सोळा हजार रुपये. रुतलेली गाडी ओढायला एका वेळी पाचशे रुपये धरले तरी वर्षाला तीसहून अधिक वेळा रुतल्याशिवाय हा खर्चसुद्धा निघत नाही, गाडीच्या किमतीतला फरक वेगळा. शिवाय माल बैलगाडीने वर आणून डांबरावर भरण्याची सोय बंदरावर आहेच. ज्यांच्याकडे अजून गाडी नाही, अशा मासळी व्यापाऱ्याने साधी पिक-अप घ्यावी आणि उरलेल्या पैशात पेट्या घ्याव्यात.

जुनी फोर बाय फोर स्वस्तात मिळत असेल तर आधी खाली वाकून पाहावे. पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे ना? खराब झाल्यावर तो काढून ठेवून गाडी तशीच विकणारे आहेत. मातीवर दांडा टाकून, फोर एलसुद्धा, चालवून पाहावी. एक मागचे चाक खड्ड्यात घालून पुढची चाके ओढतात का ते पाहावे. चारही टायर एकाच मापाचे आहेत का, चेसिस आतून गंजलेली आहे का, डिफरेन्शियलच्या ऑइलचा रंग काय आहे, हे उस्तादाला बरोबर नेऊन तपासावे.

राहता राहिले आमचे हर्णैचे मित्र. त्यांच्याकडे गाडी आहेच आणि आता विकली तर घसघशीत तोटा. आम्ही त्यांना विकू नका असे सांगितले. पुढचे दोन टायर बदलले, हब मोकळे केले, डॅशबोर्डवर 'डांबर - टू एच' अशी चिठ्ठी चिकटवली आणि सीटखाली हवेचा पंप ठेवला. वही ड्रायव्हर स्वतः लिहितो. गेल्या खेपेला गाडी वाळूत उतरली तेव्हा त्याने आधी चारही चाकांची हवा सोडली, मग खाली वसून दोन्ही हब फिरवले. शेठ वर डांबरावर उभे राहून बघत होते आणि बैल आपल्या गाडीला जुंपलेले होते.